सतरा एक

माझ्या आई-बाबांनी म्हातारपणातली जवळजवळ पाच वर्षं एका संख्येपाठी घालवली. संख्या दिसायला अगदी साधी, ओळीने लिहिलेले सतरा एक. १११११११११११११११११. बाबा ती मोठ्याने वाचायचे तेव्हा शाळेत पाठ केलेली जुनी नावं घ्यायचे. एक मध्य, एक अंत्य, एक जलधी, एक शंकू, असे उतरत उतरत शतं, दहं, एकं. वाचून झालं की म्हणायचे, "परार्धाला एकच घर कमी." प्रश्न एवढाच होता, की हिला कुठल्या संख्येने निःशेष भाग जातो, की एक आणि ती स्वतः सोडून कशानेच जात नाही.

बाबांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली. डोंगराच्या पोटात बसून दर तासाला मीटर बघायचे आणि आकडे रजिस्टरात उतरवायचे. आई वीजघराच्या कॉलनीजवळच्या एका गावात तिसरी-चौथीला शिकवायची. दोघं निवृत्त झाली तेव्हा मी रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. लग्न केलं नव्हतं. नाचणे रस्त्याला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, तिथे ती माझ्याकडे राहायला आली.

पहिले काही महिने बाबांचं काही खरं नव्हतं. दर तासाला घड्याळाकडे बघायचे आणि मग उगाच गॅलरीत जाऊन उभे राहायचे. एका दुपारी आई कुळीथ निवडत बसली होती. ती म्हणाली, "एकशे अकरा म्हणजे तीन गुणिले सदतीस. माझ्या पोरांना भारी गंमत वाटायची. पण पाच एक लिहिले तर त्याला कशाने भाग जात असेल हो?"

बाबांनी पेपरच्या कडेला भागाकार सुरू केले. संध्याकाळपर्यंत सापडलं, एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. मग सात एक घेतले. त्याला तीन दिवस लागले. दोनशे एकोणचाळीस आणि चार हजार सहाशे एकोणपन्नास. आईने ते चार आकडे एकाखाली एक लिहिले, बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "यांच्यातून एकेक वजा करून बघा. चाळीस, दोनशे सत्तर, दोन्हींना पाचाने भाग जातो. इकडे दोनशे अडतीस, चार हजार सहाशे अठ्ठेचाळीस, दोन्हींना साताने. जितके एक, तितक्याने."

हे कुठल्या पुस्तकात आहे का ते तिला ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच. बाबा तिच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत ते आईला हुशार म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही म्हणाले नाहीत, पण उठून चहा त्यांनी केला.

त्या नियमाने काम पुष्कळ कमी झालं. अकरा एकांना दोन-अडीचशे भागाकार पुरले, दीड महिना लागला, आणि एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भाग गेला. तेरा एक तर पहिल्याच प्रयत्नात त्रेपन्नने फुटले. आई खूश होऊन म्हणाली, "आता सतरा."

सतरा एकांत दोघं अडकली. भागणारी संख्या असलीच तर ती विषम, आणि एक वजा केला की सतराने भाग जाणारी, म्हणजे चौतिसाच्या पटीत एक मिळवून होणारी असणार, एवढं त्यांना कळलं होतं. त्यातही स्वतः न फुटणाऱ्याच तेवढ्या घ्यायच्या. एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस, अशी ती यादी चालू व्हायची आणि पुढे संपायचीच नाही. बाबांनी हिशेब केला की साडेदहा कोटींपर्यंत तपासावं लागेल. तिथवर काही मिळालं नाही तर ती मूळ संख्या, न फुटणारी. ते म्हणाले, "तोवर आपण नसू. पण मधेच कुठेतरी सापडेल."

चौकटीच्या दोनशे पानी वह्या आणल्या गेल्या. कामाची वाटणी ठरली. बाबा भागाकार करायचे, डाव्या बाजूला भाजकाचा पाढा, उजवीकडे पायऱ्या. आई ताळा घ्यायची. आधी उलटा गुणाकार करून बाकी मिळवायची, सतरा एक आले की लाल पेनाने बरोबरची खूण. दिवसाला सहा-सात भागाकार व्हायचे. वह्या संपल्या की मी नव्या आणायचे. दुकानदाराने एकदा विचारलं, "पोरं किती हो घरात? वह्या फार लागतात." मी म्हटलं, "दोन आहेत."

मोबाइलला विचारायचं नाही अशी बाबांची सक्त ताकीद होती. "तो सांगेल. मग आम्ही काय करू?" मी कबूल केलं होतं. पण आठेक महिन्यांनी, लॅबमध्ये डबा खाताना, समोरच्या कॉम्प्युटरवर मी सतरा एक टाइप केले. क्षणात उत्तर आलं. ती फुटत होती. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस, आणि दुसरा भाग पाचशे छत्तीस कोटींच्या घरातला. बाबा तेव्हा तीन लाखांच्या आसपास होते. उरलेले भागाकार आठ हजारांच्या पुढे-मागे, म्हणजे साधारण साडेतीन वर्षं.

मला वाईट वाटलं नाही. उलट इतका आनंद झाला की डबा तसाच राहिला. ती दोघं चालत होती त्या रस्त्याला शेवट होता, आणि तो त्यांच्या हयातीत येणारा होता. मी ठरवलं की बोलायचं नाही, फक्त त्या दिवशी घरी हजर राहायचं. २०७१७२३ हा आकडा मी कुणाचा फोन नंबर पाठ करावा तसा पाठ केला.

दुसऱ्या वर्षी आईच्या पायांना सूज येऊ लागली. रक्त माझ्याच लॅबमध्ये तपासलं. किडन्या किती बिघडल्यात ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा मशीनने दाखवला तेव्हा मी तो दुसऱ्यांदा लावला, आणि तिसऱ्यांदा. घरी जाऊन सांगायला मला चार दिवस लागले. डॉक्टरांनी औषधांवर काही महिने काढले आणि मग डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, सकाळी सात ते अकरा.

पाणी मोजून, मीठ नाही, नारळपाणी वर्ज्य. आंबा तर अजिबातच नाही. मे महिन्यात सगळ्या जिन्याला आंब्याचा वास यायचा आणि आई दार लावून घ्यायची. बाबांनी आणि मीही आंबा खाणं सोडलं. त्यावर ती चिडायची. "माझ्यासाठी उपास करू नका हो, मी मेल्यासारखं वाटतं," म्हणायची.

वही मात्र तिने सोडली नाही. डायलिसिसच्या खोलीत तिचा डावा हात सुयांसाठी बांधलेला असायचा, उजवा मोकळा. बाबा शेजारी स्टुलावर बसून गुडघ्यावर वही ठेवून भागाकार करायचे आणि झाला की तिच्या पोटावर उशी ठेवून वही तिच्यासमोर धरायचे. मोठा गुणाकार तिला आता झेपत नव्हता. ती नऊचा ताळा घ्यायला लागली. भाजकाच्या अंकांची बेरीज, भागाकाराच्या अंकांची बेरीज, त्यांचा गुणाकार, त्यात बाकीची बेरीज. सगळं मिळून आठ आलं पाहिजे, कारण सतरा एकांची बेरीज सतरा, आणि एक नि सात आठ. सुरुवातीला ती अकराचाही ताळा घ्यायची. नंतर म्हणाली, "अकराचं राहू दे. डोळ्यांपुढे अंधारी येते." खोलीतल्या सिस्टर तिला गुरुजीबाई म्हणायच्या.

साडेतीन वर्षांचा माझा अंदाज फार चुकला नाही. एका शुक्रवारी वही बघितली तर बाबा वीस लाख अडुसष्ट हजारांवर आले होते. मी सोमवारची रजा टाकली. रविवारी संध्याकाळी खाऊच्या दुकानातून पाव किलो पेढे आणून पिशवीत लपवले. आईला खाता येणार नव्हते, पण सिस्टरना वाटता आले असते.

सोमवारी आम्ही तिघं गेलो. आईचं वजन झालं, सुया लागल्या, मशीन सुरू झालं. बाबांनी पहिले दोन भागाकार केले. आईने खुणा केल्या. मग त्यांनी नव्या पानावर भाजक लिहिला, दोन, शून्य, सात, एक, सात, दोन, तीन. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, चेहरा दिसू नये म्हणून.

भागाकार अर्ध्याहून पुढे गेला असेल, तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, मला कसंतरी होतंय." तिचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ कोरडे. बाबांनी वही खाली ठेवली आणि सिस्टरना हाक मारली. त्या धावत आल्या, पलंग डोक्याकडून खाली केला, पाय वर केले, सलाईन जोरात सोडलं. प्रेशर उतरलं होतं. आईच्या पोटरीत गोळा आला होता, बाबा दोन्ही हातांनी तिची पोटरी चोळत होते आणि "झालं, झालं," म्हणत होते. वीसेक मिनिटांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

आईच म्हणाली, "राहिलंय ना अर्धं? पुरं करा."

"आज बस झालं," बाबा म्हणाले.

"करा म्हणते ना."

बाबांनी वही उचलली. मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या होत्या. त्यांनी वजाबाकी केली, खाली एक घेतला, परत वजाबाकी, परत एक. आणि बाकी लिहिली. शून्य नव्हतं. वीस लाख सव्वीस हजार सातशे तेवीस.

आईने वही घेतली. ओठ हलवत बेरजा केल्या. "चार... एक... चार. चार नि चार आठ." लाल खूण केली.

माझ्या तोंडून निघालं, "बाबा, हा परत एकदा करून बघा ना."

"का गो?"

"असंच. मधे थांबला होतात म्हणून."

आई डोळे मिटूनच म्हणाली, "ताळा जुळलाय, बाळ. कशाला त्यांना परत बसवतेस?"

त्या वेळी सांगायला हवं होतं. पण आईच्या कपाळावर अजून घाम होता. मला वाटलं, उद्या सांगू. ती जरा सावरली की मजेने सांगू. बाबांनी पान उलटलं आणि पुढचा भाजक लिहिला. पेढ्यांचा पुडा मी घरी येऊन फ्रिजमध्ये टाकला.

दुपारी दोघं झोपली होती तेव्हा मी वही उघडली. आठव्या पायरीला भाजकाची तिप्पट वजा करायची होती. पाढ्यात ती नीट लिहिलेली होती, ६२१५१६९. खाली उतरवताना बाबांनी ६२१५६१९ लिहिलं होतं. एक आणि सहा इकडचे तिकडे. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, म्हणून नऊच्या ताळ्याला ती चूक दिसतच नाही. अकराच्या ताळ्यात अंकांच्या जागाही धरतात, तिथे ती सापडली असती. बाबांनी आयुष्यभर लाखो आकडे उतरवले असतील, त्यांच्या हातून आकडा चुकलेला मला माहीत नाही. तो चुकला, आणि आईने त्यावर खूण केली.

तो उद्या आला नाही. बुधवारी आईला ताप भरला, गुरुवारी दाखल केलं, रक्तात जंतू गेले होते. कल्चरचा रिपोर्ट माझ्याच हातात पडला. अठरा दिवस ती हॉस्पिटलात होती. बाबा वही घेऊन जायचे, कारण तिने तसं बजावलं होतं. शुद्धीत असली की विचारायची, "किती झालं?"

"एकवीस लाखांना टेकलोय."

"सापडेल ना हो?"

"सापडेल की. जातंय कुठे."

मी पलंगाच्या पायाशी उभी असायचे. तिच्या कानाशी वाकून दोन वाक्यं बोलायची होती. पण तिथे बाबा असायचे, आणि सांगायचं म्हणजे तिला हेही सांगायला लागलं असतं की तो आकडा तुझ्या हातून सुटला. मरणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं ते मला कळलं नाही. एका मंगळवारी सकाळी ती गेली.

तेराव्यानंतर बाबांनी वही परत उघडली. आता ताळाही तेच घ्यायचे, तिच्याच लाल पेनाने. बोलायचे कमी. दिवसाचे सहा भागाकार मात्र चुकवायचे नाहीत. बावीस लाख झाले, चोवीस झाले. हळूहळू त्यांच्या बोलण्यात वेगळंच यायला लागलं. शेजारचे काका चौकशीला आले तेव्हा म्हणाले, "ही फुटायची नाही. मूळच आहे ही. इतकं करून फुटली नाही, आता काय फुटते." आणखी एकदा मला म्हणाले, "तुझ्या आईला बरं वाटलं असतं. न फुटणारी निघाली म्हणून." ते गृहीत धरूनच चालले होते.

साडेदहा कोटींपर्यंत रोजच्या वेगाने दीडशे वर्षं लागतील हे त्यांनी मांडून ठेवलं होतं. तरी बसायचे. मान दुखायची, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत होते, दुपारचं जेवण थंड व्हायचं. मला ते बघवेना. जे मागे राहिलं ते पुढे शोधत हा माणूस मरणार, आणि मला ठाऊक असताना मरणार. मी स्वतःशी म्हणायचे, बाबांसाठी सांगायचं. खरं तर मला ते ओझं उतरवायचं होतं.

आईच्या वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी, सकाळी, मी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. दोन संख्या लिहिल्या होत्या, मधे गुणिलेची खूण.

"हे काय?"

"गुणून बघा, बाबा."

त्यांनी चष्मा पुसला. संख्या वाचल्या. पहिलीकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग कोऱ्या पानावर गुणाकार मांडला. पाऊण तास लागला. मी समोर बसून होते, उठायची हिंमत नव्हती. बेरीज उजवीकडून यायला लागली. एक, एक, एक. दहा-बारा एक आले तेव्हा त्यांना कळलं असणार, पण त्यांनी सतराही पुरे केले. पेन खाली ठेवलं.

मला वाटलं होतं हसतील, नाहीतर रागावतील. ते उठले, कपाटातून जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला, बरोबर ती वही शोधली, ते पान काढलं. बोट पायऱ्यांवरून खाली फिरत गेलं आणि आठव्या पायरीवर थांबलं.

"त्या दिवशी तिचं प्रेशर उतरलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"माझा हात चुकला."

"बाबा, कुणाचाही चुकला असता."

ते लाल खुणेकडे बघत राहिले. मग विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक?"

खोटं बोलता आलं असतं. काल बघितलं म्हणाले असते तर चाललं असतं. पण ते माझ्याकडे सरळ बघत होते.

"तुम्ही तीन लाखांवर होतात तेव्हापासून."

खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते ऐकू येत होतं.

"म्हणजे आम्ही रोज बसायचो, आणि तू बघत होतीस."

"मला तुमचा आनंद घालवायचा नव्हता."

"त्या दिवशी परत करा म्हणालीस. ते यासाठी."

"हो."

"मग तिला तरी सांगायचंस," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "अठरा दिवस विचारत होती. मी खोटा धीर देत होतो असं मला वाटायचं. तुझ्याकडे खरं होतं."

मी रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. वही मिटून गठ्ठ्यात ठेवली, गठ्ठा कपाटात ठेवला आणि आंघोळीला गेले.

त्यानंतर त्यांनी भागाकार केला नाही. मला वाटलं, चार दिवसांनी सुचेल काहीतरी. मी नवी वही आणून टेबलावर ठेवली. महिनाभर ती तशीच होती. शेवटी एकदा जेवताना मी म्हटलं, "बाबा, एकोणीस एक घ्यायचे का? मी ताळा घेईन. गुणून घेईन, नऊचा नाही."

त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायलं. "एकोणिसाचं काय होतं?"

मी त्यांच्या ताटात भात वाढला.

"बघितलं असशील ना."

बघितलं होतं. त्याच दिवशी, त्याच कॉम्प्युटरवर, सतरा एकांच्या लगोलग. "ती फुटत नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि ताट उचलून मोरीत ठेवून आले.

याला आता दीड वर्ष झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, त्याला ते नको म्हणाले नाहीत. कशालाच नको म्हणत नाहीत. सकाळी पेपर हातात धरतात, पान उलटत नाहीत. मी लॅबमधून येते तेव्हा दिवा न लावता बसलेले असतात. मी दिवा लावते, काय खाणार विचारते. काहीही कर म्हणतात. माझ्याशी वाईट वागत नाहीत. मी उशिरा आले तर दारात उभे असतात. पण बोलताना त्यांची नजर माझ्या खांद्यापलीकडे असते, आणि मी काही सांगायला लागले की ते आधीच मान हलवतात. मी जे सांगेन ते मला फार पूर्वीपासून ठाऊक असणार, असं त्यांना वाटत असावं.

मी पुष्कळदा माफी मागायचा विचार केला. एकदा मागितलीही. "अगो, तू काय वाईट केलंस," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

परवा सुट्टी होती. ऊन उतरलं होतं. मी म्हटलं, "बाबा, भाट्याला जाऊन यायचं का? वाळूत जरा बसू."

"जाऊन ये तू," ते म्हणाले.

मी चप्पल घातली, जिना उतरले, फाटकापर्यंत गेले. तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि परत वर आले. दार उघडंच होतं. ते गॅलरीत बसले होते. मी परत का आले ते त्यांनी विचारलं नाही. मी आत जाऊन तांदूळ धुतले.